‘बार नको, रडणं नको’ सांगून बूट विकणाऱ्यांपासून सावध राहा

मुलाचा जन्मतः आत वळलेला पाय प्लास्टरनं सरळ झालाय आणि आता घरी बूट-बार, म्हणजे एका आडव्या पट्टीला जोडलेले दोन बूट, चालू आहे, अशा आईबापांसाठी हे लिहितेय. नेमक्या याच टप्प्यावर आपल्याला गाठणारी माणसं आहेत. त्यांतल्या एकानं आमचे साडेसतरा हजार रुपये नेले. पैसे गेल्याचं वाईट वाटतंच, पण पोराचा पाय पुन्हा आत वळला, तो राग अजून जात नाही.

क्लबफूटचा, म्हणजे अशा आत वळलेल्या पायाचा, उपचार मुळात सोपा वाटावा असा आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात डॉ. इग्नासियो पोन्सेटी यांनी बसवलेली ही पद्धत. दर आठवड्याला पाय हलक्या हातानं थोडा थोडा बाहेर वळवायचा आणि मांडीपर्यंत प्लास्टर घालायचं. पाच-सात प्लास्टरांत पाय वळणावर येतो, मग बहुतेक मुलांची टाचेमागची शीर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला बांधणारी) बारीक छेद देऊन मोकळी करतात आणि शेवटचं प्लास्टर तीन आठवडे ठेवतात. ते निघालं की पाय इतका छान दिसतो की घरात पेढे वाटले जातात. ग्रहणात भाजी चिरली म्हणून मला वर्षभर ऐकवणाऱ्या चुलत सासूबाईसुद्धा पेढा घेऊन गेल्या.

पण पाय सरळ झाला तरी त्याची आत ओढ घेण्याची सवय जात नाही. म्हणून बूट-बार. पहिले तीन महिने दिवसाचे 23 तास, नंतर रात्रीची झोप आणि दुपारची डुलकी धरून 12 ते 14 तास, तेही मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत. डॉक्टर हे सांगतात. रात्री दोन वाजता दोन्ही पाय एका पट्टीला जोडलेलं मूल किंचाळायला लागलं, शेजारचे दार वाजवायला लागले, की काय करायचं हे मात्र कुणी सांगत नाही. आत्याबाई म्हणतात, ‘अगं, पाय तर सरळ झालाय, कशाला छळतेस लेकराला?’ हा सगळा त्रास विकणाऱ्याला तोंडपाठ असतो.

सिव्हिलच्या ओपीडीबाहेर एक जण वहीत नंबर लिहून घ्यायचा. ‘पालकांचा ग्रुप आहे, माहिती मिळते’, एवढंच सांगायचा. थोड्याच दिवसांत पुण्याहून फोन आला. बोलणं अगदी गोड, प्रत्येक वाक्यात ताई. ‘ताई, बार ही कुठल्या जमान्यातली गोष्ट? परदेशात कधीच बंद झाला. आमचा बूट एकाच पायात, रात्री फक्त सहा तास.’ पोराच्या टाचेवर फोड आला होता, त्याचा फोटो त्यानं मागवून घेतला आणि म्हणाला, ‘बघा, बारमुळं रक्तपुरवठा बंद पडतोय.’

हे धडधडीत खोटं होतं. फोड बहुतेक वेळा बूट सैल राहिल्यानं येतो. बुटाची मधली पट्टी नीट आवळली नाही की टाच आत वरखाली घासते. आधी मधली पट्टी घट्ट लावायची, बुटाच्या मागच्या भोकातून टाच खाली टेकलीय का ते बघायचं आणि मोजा शिवणीचा नको, इतकंच करायचं असतं. हे मला पुढे फिजिओथेरपीच्या ताईंनी पाच मिनिटांत दाखवलं.

पार्सलमध्ये आला तो एल आकाराचा प्लास्टिकचा साचा, आत स्पंज, वर कार्टूनचे स्टिकर. सोबत बिल नाही, एक रंगीत कागद, त्यावर ‘आजीवन साईझ बदलून मिळेल’. पैसे यूपीआयनं एका बाईच्या नावावर गेले होते, दुकानाचं नाव त्यात कुठंच नव्हतं. आणि एक ताकीद होती: ‘सिव्हिलला दाखवू नका. त्यांना बाहेरचा माल चालत नाही, रागानं पुन्हा प्लास्टर घालतील. फॉलो-अप आम्ही व्हिडिओ कॉलवर करू.’ कुणी तुम्हाला तपासणीला जाऊ नका म्हणत असेल, तर फोन तिथंच ठेवा.

पोरगा शांत झोपायला लागला. सगळं घर खूश. हाच त्या मालाचा पुरावा वाटायचा, आणि त्याच्यावरच त्यांचा धंदा चालतो. साचा काही ओढतच नव्हता, मग पोर रडेल कशाला? बारमध्ये वाकडा पाय 60 ते 70 अंश बाहेर वळवून धरलेला असतो, चांगला पाय 30 ते 40 अंश. मूल गुडघे वाकवून लाथा मारतं तेव्हा एक पाय दुसऱ्याला ताणतो आणि टाचेमागची शीर लांब राहते. एकट्या पायाचा साचा घोटा काटकोनात धरतो खरा, पण पाय बाहेर वळवून ठेवणं त्याला जमतच नाही. दोन्ही पाय एका पट्टीला जोडले नसतील, तर तो पोन्सेटीचा बूट नव्हे, मग त्याच्यावर कुठल्याही देशाचा शिक्का असो.

साईझ लहान पडली तेव्हा आजीवनवाल्यांनी ‘अपग्रेड’चे सहा हजार मागितले. आम्ही हुज्जत घातली आणि नंबर ब्लॉक झाला.

पाय परत आत वळत चाललाय हे कळलं अंगणवाडीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला आलं होतं. त्यातल्या डॉक्टरबाईंनी पोराची टाच हातात धरून पाऊल वर ढकललं, ते येईना. ‘ह्याचा बार कुठाय?’ म्हणाल्या. पोरगा चालताना पाऊल बाहेरच्या कडेवर टेकवत होता, आम्हाला ती नव्यानं चालणाऱ्याची लकब वाटली होती. सिव्हिलला पुन्हा प्लास्टर सुरू झाली. रागावलं कुणीच नाही. आता परत बार आहे. पुढे स्नायूची शीर हलवण्याचं ऑपरेशन लागेल का, हे तो तीन वर्षांचा झाल्यावर ठरेल.

आणि चीड येते ती याची की बार फुकट मिळतो. बऱ्याच सरकारी रुग्णालयांत अनुष्का फाउंडेशन, म्हणजे पूर्वीचं क्युअर इंडिया, यांच्या क्लबफूट क्लिनिकमधून बूट-बार मोफत देतात, पाय वाढला की पुढचं मापही तिथंच. ‘सरकारी बारचा स्टॉक संपलाय’ असं बाहेर कुणी सांगितलं, तर आत जाऊन विचारा.

आम्ही 1915 या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाचे कागद तयार करतोय. खरेदीची रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तिथं फी लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची. बिल नसलं तरी यूपीआयची नोंद, व्हॉइस मेसेज, कुरिअरची चिठ्ठी, सगळं जपून ठेवा. आमच्या ह्यांनी तो साचा भंगारात टाकायला काढला होता, मी पिशवीत बांधून कपाटावर ठेवलाय. कुरिअरच्या चिठ्ठीवरचा पत्ता एका झेरॉक्सच्या दुकानाचा निघाला. जाहिरात मात्र आता दुसऱ्या नावानं चालू आहे, आणि तिच्यातल्या फोटोत उपचाराआधीचा वाकडा पाय उजवा आहे, तर उपचारानंतरचा सरळ पाय डावा.