विकत घेणाराच पैसे मागत होता आणि मी देत गेलो

मी झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातला. वडश्याच्या नाटक कंपन्यांतले नट घेऊन, धानाच्या बांध्यांत १ तास ५२ मिनिटांचा सिनेमा केला. खर्च ६,४०,००० रुपये. सिनेमा झाला, पण विकायचा कुठे ते कळेना. तेवढ्यात अंधेरीहून एका माणसाचा फोन आला, "ओटीटीवर लावून देतो." पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. रकमा मात्र लिहितो, तुमच्याकडेही अशाच मागतील.

आधी नोंदणीचे २५,०००. मग सेन्सॉरचे १८,०००. सेन्सॉरचं प्रमाणपत्र थिएटरला लागतं, ओटीटीला नाही, हे मला पैसे गेल्यावर कळलं. मग क्यूसी (फाइलची तांत्रिक तपासणी) आणि डिलिव्हरीचे ४०,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७,२००. शेवटी जाहिरातीचे ३५,०००. एकूण १,२५,२००.

ते ४७,२०० चं बिल अजून डोळ्यांसमोरून जात नाही. जीएसटीचे ७,२०० लावलेले, पण जीएसटी नंबर कुठेच नाही. क्यूआर स्कॅन केला तर कंपनीऐवजी कोण्या बाईचं नाव आलं. मी ते वाचलं होतं. बायको म्हणाली, "काऊन पाठोता जी? घेणारा पैसे देते का मागते?" मी तिच्यावरच खेकसलो आणि पिन टाकला. जीएसटी लावलेल्या बिलावर १५ अक्षरांचा जीएसटी नंबर नसेल तर एक रुपया देऊ नका. असेल तर जीएसटीच्या साइटवर तपासा, दोन मिनिटं लागतात.

मी अडाणी नाही. मोठे ओटीटी एकट्यादुकट्या निर्मात्याला सहसा दारात उभं करत नाहीत, निर्मात्यांचे सिनेमे ओटीटीपर्यंत पोचवणारा मधला अ‍ॅग्रीगेटर लागतो, आणि काही खरे अ‍ॅग्रीगेटरही फी घेतात. म्हणून मला ते खरं वाटलं.

पैशांपेक्षा करारानं जास्त मारलं. ५०० च्या स्टॅम्पवर "सर्व माध्यमांचे सर्व हक्क, कायमचे". कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षंच धरतात. म्हणून त्या अंधेरीवाल्यानं "कायमचे" मुद्दाम लिहून घेतलं. दोन महिन्यांनी माझा सिनेमा भलत्याच यूट्यूब चॅनलवर, जाहिरातींसकट. मी माझ्या चॅनलवर टाकला तर कॉपीराइटचा दावा माझ्यावरच! हक्क विकू नका. ठरावीक मुदतीचा, ठरावीक माध्यमाचा परवाना द्या आणि मूळ फाइल करार वकिलाला दाखवल्याशिवाय पाठवू नका.

ठाण्यात गेलो. "स्वतःच पाठवले ना? मग हा दिवाणी मामला." दुसऱ्यांदा गेलो तर, "हद्द मुंबईची, तिकडं जा." नव्या कायद्याच्या, बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता), कलम १७३ मध्ये गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, खबर नोंदवायची असं स्पष्ट लिहिलंय. तो कागद छापून नेला, साहेबांनी उलटून ठेवला. जिल्ह्याच्या सायबर शाखेत तीन खेटे घातले, साहेब तिन्ही वेळा बंदोबस्तात. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मलाच विचारलं, इतके दिवस काय करत होता? तो अंधेरीवाला रोज "उद्या लागतो सिनेमा" सांगत होता, मी वाट पाहत होतो! तुम्ही एक तासही थांबू नका. पैसे गेले की लगेच १९३० लावा, रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत.

नटांचे २२,००० अजून बाकी आहेत. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, लागेल, ते सगळे आमच्याच गावात नाटकाला येतील.