पॉइंट ठेवू की इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाकू?

जुनी गाडी घेतलीयस, इंजिन फिरतंय पण स्पार्क धड नाही, म्हणून विचारतोयस ना, मग ऐक. पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला (प्लगांना स्पार्क वाटणारा भाग) उघडझाप करणारा छोटा स्विच, तो उघडला की स्पार्क पडतो; इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट तेच काम इलेक्ट्रॉनिक्सने करतं.

खर्चात पॉइंट-कंडेन्सर (कंडेन्सर पॉइंटवरची ठिणगी आवरतो) स्वस्तच, किट महाग, आणि कॉइलचा (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारी ती) रेझिस्टन्स किटशी जुळला नाही तर कॉइलपण नवी.

मेहनत मात्र पॉइंटला. काही हजार किमी झाले की पॉइंट पूर्ण उघडल्यावरचा गॅप बघा (बऱ्याच गाड्यांत साधारण 0.4 मिमी, फीलर गेज, म्हणजे गॅप मोजायची पातळ पट्टी, हलकंसं अडकत सरकलं पाहिजे), कॅमवर (पॉइंट उघडणारा शाफ्टवरचा उंचवटा) ग्रीसचा ठिपका द्या, नाहीतर त्यावर घासणारा पॉइंटचा रबिंग ब्लॉक झिजतो, गॅप कमी होतो नि स्पार्कचं टायमिंगपण हलतं. किट बसवलं की विसरा.

पण पॉइंट कुरकुरत कुरकुरत जातात, रस्त्याच्या कडेला पॉलिश पेपरने घासून घरी येता येतं, किट गेलं की गाडी जागेवरच मेली. आणि हो, आधी 6 व्होल्ट आहे का, पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं) आहे का ते बघ, वायर उलटी जोडून किटचं एक मॉड्यूल मी स्वतः जाळलंय.

डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट खुळखुळत असेल तर पॉइंटचा गॅप टिकणारच नाही, किट त्यातल्या त्यात सहन करतं.

रोज चालवणार असशील तर किट घे आणि जुने पॉइंट डिकीत ठेव, कधीतरीच फिरवायचीय आणि हात काळे करायला आवडतात तर पॉइंटच बरे.