रात्रशाळा (आठवी ते दहावी) : भावाच्या दोन वर्षांचा अनुभव, 5 पैकी 4 स्टार

शाळेचा कुठे रिव्ह्यू असतो का असं मैत्रीण म्हणाली, पण लोक मिसळीवर आणि मोबाईलच्या कव्हरवर पानंच्या पानं लिहितात तर मी यावर का नको. नाव देत नाहीये कारण इमारत दुसऱ्यांची आहे आणि खाली टॉयलेटबद्दल जे लिहिलंय त्यावरून सरांच्या मागे कटकट लागायला नको. गिरणगावात आहे एवढं पुरे.

आधी आमचं थोडक्यात सांगते. पप्पा आजारी पडले, टॅक्सी महिनोन्‌महिने उभी, आणि धाकटा भाऊ नववीच्या दिवाळीत दादरला कपड्याच्या दुकानात लागला, सीझनपुरता म्हणून. सीझन संपला, लग्नसराई आली, मग हा कसला परत जातोय शाळेत. दिवसाच्या शाळेतून कुणी फोन केला? एकसुद्धा नाही. जूनमध्ये मी दाखला मागायला गेले तर क्लार्क म्हणे आधी बाकी फी भरा. म्हणजे पोरगं सात महिने वर्गात नाही याचं कुणाला काही नाही, फीचा हिशोब मात्र तारखेसकट तयार. दोन हप्त्यात भरली आणि दाखला सोडवून आणला, गहाण ठेवलेला दागिना सोडवतात तसा.

मला तेव्हाच कळलं की शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयापर्यंतच आहे, म्हणजे आठवीपर्यंत. नववीतलं पोरगं गळालं तर त्याच्या मागे धावायला तसं कुणी बांधील नाही. आणि 14 पूर्ण झाले की धोक्याचं काम सोडून बाकी ठिकाणी कामाला ठेवायलाही कायदा आड येत नाही. बरोबर त्याच वयात घरात पैशाची ओढाताण असते, मग पोरं टिकणार कशी.

एका क्लासवाल्याने सांगितलं होतं सतरा नंबरचा फॉर्म भरा, घरी बसून दहावी द्या, आम्ही नोट्स देतो, फी अठरा हजार. सतरा नंबर वाईट आहे असं नाही हां, ज्याला स्वतःहून अभ्यासाला बसता येतं त्याच्यासाठी चांगली सोय आहे. पण आमचा हिरो रात्री दहाला दुकानातून येऊन जेवता जेवता झोपणारा, तो कधी पुस्तक उघडणार? त्याला कुणीतरी रोज वाट बघणारं पाहिजे होतं.

मग आजीनेच रात्रशाळेचा विषय काढला. आजोबा गिरणीत होते आणि रात्रशाळेत नववीपर्यंत शिकलेले, 1982 च्या संपात गावी गेले तेव्हा सुटली ती सुटलीच. मला वाटायचं हे सगळं गिरण्यांबरोबर बंद झालं असेल. नाही, चालू आहे.

वेळ साडेसहा ते साडेनऊ. पहिल्या दिवशी मी सोबत गेले. दिवसा तिथे लहान मुलांची शाळा भरते, त्यामुळे बाक सगळे चौथीच्या पोरांच्या मापाचे, भाऊ बसला तर गुडघे वर आले. भिंतीवर "क कमळाचा" आणि खाली बसलेला एक मिशीवाला वॉचमन, तो दहावीला. शेजारी खानावळीतला पोऱ्या, बोटं हळदीने पिवळी, वहीच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पिवळा ठसा. मागच्या बाकावर घरकाम करणाऱ्या एक ताई, त्यांचा मुलगा पण त्याच वर्षी दहावीला, दिवसाच्या शाळेत. आणि दोन जण चक्क झोपलेले. सरांनी उठवलं नाही. म्हणाले, "वीस मिनिटं झोपू दे, मग गणिताला जागा राहील."

आता ज्याच्यासाठी हा रिव्ह्यू लिहितेय ते. सरांच्या हजेरीवहीत मागच्या पानांवर प्रत्येक पोराच्या मालकाचा नंबर लिहिलेला असतो. आईबापाचा तर असतोच पण मालकाचा आधी. ऍडमिशनच्याच दिवशी त्यांनी दुकानात फोन लावला, "शेठ, पोराला सहाला सोडा, बदल्यात सकाळी तासभर लवकर येईल, चालेल ना?" शेठ काहीतरी बडबडला असेल, सर हसत हसत नुसतं हो हो करत होते आणि शेवटी म्हणाले, "हिशोब चांगला करेल तर तुमचाच फायदा आहे." झालं काम. मी हेच बोलायला गेले असते तर भांडण झालं असतं.

दोन दिवस गैरहजर की फोन. आधी मालकाला, मग घरी. दहावीच्या दिवाळीत तर आमचा नऊ दिवस गायब, दुकानात गर्दी, मोबाईल ड्रॉवरमध्ये. दहाव्या दिवशी सर स्वतः दुकानात आले, गिऱ्हाईक बनून दोन नॅपकिन घेतले, पैसे दिले आणि पिशवीतून भूमितीचा सराव पेपर काढून काउंटरवर ठेवला. ओरडले नाहीत काही नाही. भावाने घरी येऊन सांगितलं तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. दुसऱ्या दिवशी शाळेत.

खायला मिळतं हेही मोठंय. चणे, केळं, कधी उपमा. कामावरून थेट आलेल्या पोराला सात वाजता भूक लागते आणि तिथूनच तो घराकडे वळतो, हे ज्याने ओळखलं त्याला मानलं. मुंबईत मासूम नावाची संस्था 2008 पासून रात्रशाळांसोबत काम करते, खाऊ, पुस्तकं, फिरती प्रयोगशाळा वगैरे, तुमच्या जवळच्या शाळेत त्यांचं काम चालू आहे का ते आवर्जून विचारा, फरक पडतो.

एक स्टार का कापला ते पण सांगते. टॉयलेटला रात्री कुलूप, चावी दिवसाच्या शिपायाकडे. वर्गात मुली मोजून चार, आणि साडेनऊला सुटून एकटीने घरी जायचं, वर टॉयलेट नाही, मग कुठली आई पाठवेल? त्या घरकामवाल्या ताई दोघींना रोज गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायच्या, ही शाळेची सोय नाही, त्यांची भलाई. प्रयोगशाळा आहे पण तीही कुलपात. इंग्रजीला वर्षभर धड शिक्षक नव्हता, मराठीच्या बाईच इंग्रजी ओढत होत्या. सर म्हणाले मे 2017 च्या सरकारी निर्णयाने दिवसा एका शाळेत आणि रात्री दुसरीकडे शिकवणारे शिक्षक कमी केले तेव्हापासून घडी विस्कटली. दुबार नोकरी बरोबर की चूक यात मी पडत नाही, पण त्यांच्या जागी माणूस उभा करून मग काढायचं ना. तीन तासांच्या शाळेत एक तास ऑफ गेला तर उरतं काय?

त्याचा परिणाम मार्चच्या निकालात दिसलाच. गणितात दोन्ही पेपर मिळून 58, आम्ही सगळे चाट. इंग्रजीत 29. घरात सुतक. भाऊ म्हणाला बास, आता दुकानच. तेवढ्यात सरांचा फोन, निकालाच्या दिवशीच, "जुलैची पुरवणी परीक्षा आहे, फॉर्मचं मी बघतो. एटीकेटीवर अकरावीलाही जाता येतं, वर्ष कुठे गेलंय?" मला तर माहितीच नव्हतं की एक-दोन विषय राहिले तरी अकरावीचं दार बंद होत नाही. दिवसाच्या शाळेत असता तर कुणी सांगितलं असतं का, शंका आहे. जुलैत 41 आले. आता रात्रीच्याच ज्युनिअर कॉलेजला कॉमर्स.

कुणाला पाठवायचं असेल तर जूनमध्ये संध्याकाळी सातच्या सुमारास थेट जा, दिवसा गेलात तर वॉचमन म्हणेल इथे अशी काही शाळा नाही. शेवटच्या वर्गाची मार्कशीट, दाखला, आधार न्या. दाखला अडला असला तरी जा, सर पत्र देतात. फी इतकी कमी की लिहायला लाज वाटते. आणि मालकाचा नंबर पाठ करून जा, पहिला प्रश्न तोच येतो.

परवा शेठने भावाला विचारलं म्हणे, नवीन पोऱ्या आठवीतून सुटलाय, त्याचं होईल का तिथे, फक्त दिवाळीचे पंधरा दिवस सोडून. भाऊ म्हणाला, "होईल. पण सर दिवाळीतच येतात."