गवती चहाच्या तेलाचा छोटा संच: टाकी चोख, कंडेन्सर तोकडा

शिरपूर तालुक्यातील आमच्या शेतावर गवती चहाचे तेल काढण्यासाठी आम्ही जवळच्याच एका फॅब्रिकेशनवाल्याकडून शंभर किलो पाला मावेल असा वाफेचा ऊर्ध्वपातन संच बनवून घेतला. बेताच्या भांडवलात बसणाऱ्या या संचाची टाकी खरोखर चोख आहे: 304 प्रतीचे स्टेनलेस स्टील, आतून घासून गुळगुळीत केलेले सांधे आणि पाला पाण्यापासून वर धरणारी, सहज निघणारी जाळी. साध्या लोखंडाची टाकी स्वस्त पडते, पण तिच्या गंजाने तेलाचा रंग बिघडतो. झाकणाच्या कडेने मात्र वाफ निसटते. तिथे आम्ही सरळ कणीक थापतो.

खरी उणीव कंडेन्सरची, म्हणजे पाण्याच्या पिंपात बसवलेल्या वेटोळ्या नळीतून वाफ थंड करून तिचे तेल-पाणी करणाऱ्या भागाची आहे. हिवाळ्यात तो निभावून नेतो, परंतु एप्रिल-मे महिन्यांत पिंपातील पाणी लवकर तापते, नळीतून थेंबांबरोबर वाफही येऊ लागते, आणि शिवारभर सुटणारा घमघमाट म्हणजे आपलेच तेल उडून चालले आहे, असे समजावे. शंभर किलो पाल्यातून जेमतेम तीनशे-चारशे ग्रॅम तेल निघत असताना ही गळती परवडणारी नाही. तेल पाण्यावर तरंगत असल्याने ते वेगळे करणारे भांडे ठीक काम करते. जळणाला कपाशीच्या पऱ्हाट्या पुरतात, फक्त त्या भराभर जळतात.

खानदेशात हा संच घेणाऱ्यांनी दुप्पट लांबीचे वेटोळे आणि वाहत्या पाण्याची जोडणी आधीच ठरवून घ्यावी.