गोचीड काढण्याचा आकडा: दोन वर्षांच्या वापरानंतर

बोटाएवढा प्लास्टिकचा दांडा, त्याचे एक टोक वाकवलेले आणि त्या टोकात मधोमध निमुळती होत गेलेली फट. एवढीच ही वस्तू असून ती लहान आणि मोठ्या अशा दोन मापांत एकत्र मिळते. घरात चिमटा असताना वेगळा आकडा कशाला हवा, अशी शंका मलाही सुरुवातीला होती. दोन वर्षे दोन कुत्र्यांवर आणि तीन वेळा स्वतःच्या अंगावर वापरल्यानंतर ती शंका उरलेली नाही. सोबतच्या माहितीपत्रकाबद्दल मात्र माझा गंभीर आक्षेप आहे.

वापरण्याची रीत सोपी आहे. फट त्वचेलगत सरकवून गोचीड तिच्या अरुंद भागात अडकवायचा आणि मग ओढाताण न करता दांडा दोन बोटांत सावकाश फिरवायचा. बहुतेक वेळा दोन-तीन वेढ्यांतच तो सुटून येतो. बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत पकडून एकसारख्या जोराने सरळ वर ओढणे ही वैद्यकीयदृष्ट्या मान्य असलेली पद्धत आहे आणि ती आजही योग्यच आहे. परंतु कुत्रा हलत असतो, केसांत नीट दिसत नाही आणि घाईत चिमटा नेमका गोचिडाच्या फुगलेल्या पोटावर मिटतो. आकड्याची फट पोटाखालून तोंडापाशी जाते, पोट दाबले जात नाही, हा मला जाणवलेला सर्वांत मोठा फरक आहे.

गोचीड इतका घट्ट का बसतो, हे समजले की या फटीचे मोल कळते. त्याच्या मुखावयवांवर उलटे काटे असतात, आणि अनेक जाती लाळेतून सिमेंटसारखा घट्ट होणारा पदार्थ सोडून स्वतःला जणू चिकटवून घेतात. त्याच लाळेत वेदना जाणवू न देणारे, रक्त गोठू न देणारे आणि शरीराची प्रतिकारशक्ती दडपणारे घटक असल्यामुळे तो कित्येक दिवस रक्त पीत राहिला तरी पत्ता लागत नाही. म्हणूनच व्हॅसलिन लावून वाट पाहणे, नेलपॉलिश फासणे, पेटत्या काडीचा चटका देणे या उपायांत केवळ वेळ जातो.

वेळ हाच येथे कळीचा मुद्दा आहे. गोचिडांच्या चाव्यातून पसरणाऱ्या लाइम रोगाचा जीवाणू (त्याचा शोध लावणाऱ्या विली बर्गडॉर्फर यांच्या नावावरून तो बोरेलिया बर्गडॉर्फेरी म्हणून ओळखला जातो) भुकेल्या गोचिडाच्या आतड्यात असतो. ताजे रक्त आत आल्यानंतर तो सक्रिय होऊन लाळग्रंथींकडे सरकतो, आणि या प्रवासाला साधारणपणे 24 तासांहून अधिक काळ लागतो. त्याआधी गोचीड निघाला तर लाइमचा धोका खूपच कमी होतो, आणि हाताशी असलेल्या आकड्याने हे काम मिनिटाभरात होते.

पण माहितीपत्रकात छापले आहे की 24 तासांत काढल्यास कोणताही आजार होत नाही. हे विधान चुकीचे आणि घातक आहे. गोचिडांतूनच पसरणारा आणि मेंदूला सूज आणू शकणारा पोवासन विषाणू गोचीड चावल्यापासून सुमारे 15 मिनिटांतही शरीरात जाऊ शकतो. गोचिडांमुळे होणाऱ्या मेंदूज्वराचा युरोप-आशियातील विषाणूही आधीपासून लाळेतच असल्यामुळे त्याला थांबावे लागत नाही. 1957 साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात माकडे मरू लागल्यानंतर ओळखल्या गेलेल्या क्यासनूर जंगल रोगाचा विषाणूही याच कुळातला आहे. असे असताना सरसकट एका दिवसाची हमी देणे मला अक्षम्य वाटते.

दुसरा दोष चित्राचा. पत्रकावर फक्त रक्त पिऊन टम्म झालेला प्रौढ गोचीड दाखवला आहे. प्रत्यक्षात लाइम पसरवणाऱ्या जातीत अंड्यातून सहा पायांचा लार्वा निघतो, एकदा रक्त पिऊन तो आठ पायांचा निम्फ होतो, पुन्हा एकदा पिऊन प्रौढ होतो आणि या चक्राला दोन ते तीन वर्षे लागतात. लार्वा बहुधा लाइमच्या जीवाणूविना जन्मतो. पूर्व अमेरिकेच्या जंगलात त्याला तो मुख्यतः पांढऱ्या पायांच्या उंदराकडून मिळतो, आणि माणसाला तो बहुतेकदा खसखशीच्या दाण्याएवढ्या निम्फकडून मिळतो. हरणे प्रौढ गोचिडांना पोसतात, पण हा जीवाणू त्यांच्याकडून गोचिडांना मिळत नाही. ओकच्या झाडांना भरपूर फळे लागली की पुढच्या वर्षी उंदीर वाढतात आणि त्याच्या पुढच्या वर्षी बाधित निम्फ. अमेरिकेच्या पश्चिमेकडील एका सरड्याच्या रक्तात तर निम्फच्या शरीरातील हा जीवाणू मरतो. या विषयात मला सर्वाधिक विलक्षण वाटलेली गोष्ट हीच. एवढ्या गुंतागुंतीतून माणसापर्यंत पोहोचणारा निम्फ त्या चित्रात कुठेच नाही, त्यामुळे वाचणारा चुकीचा आकार शोधत बसतो.

निम्फसाठी लहान आकडा चालतो, मात्र उजेड चांगला हवा आणि हात स्थिर हवा. लार्वा दोन्ही मापांच्या फटीतून निसटतात. त्यांच्यासाठी चिमटाच घ्यावा. कुत्र्यांवरील तपकिरी गोचीड घराच्या भिंतींच्या फटींतही आपले पूर्ण जीवनचक्र पार पाडू शकतो, तेव्हा एकेक काढत बसण्याने तो प्रश्न सुटत नाही आणि पशुवैद्याकडे जावे लागते.

गोचीड उडत नाहीत, उड्याही मारत नाहीत. ओलसर पालापाचोळ्यातून गवताच्या टोकावर चढून पुढचे पाय पसरून थांबतात आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड ओळखतात. त्यामुळे जंगलातून परतल्यावर मी गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, केसांत आणि कानामागे तपासतो. निघालेला गोचीड नखाने चिरडत नाही, चिकटपट्टीत बंद करतो, जागा अल्कोहोलने पुसतो आणि त्या चिकटपट्टीवरच तारीख लिहितो. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला किंवा पसरत जाणारा लाल चट्टा उठला, तर डॉक्टरांना दाखवायला ती तारीख आणि तो गोचीड दोन्ही हाताशी असतात.