टेबल सॉची सर्व्हिसिंग : उद्यमबागेतील एका दुकानाचा अनुभव

खानापुरात माझे दारे-खिडक्यांच्या चौकटींचे छोटे काम चालते. त्यासाठी टेबलावर ठेवून वापरायची दहा इंची पात्याची विजेची करवत मी सहा वर्षे वापरत आहे. पावसाळा तोंडावर आला असताना ती बेळगावला उद्यमबागेतील एका लहान दुकानात सर्व्हिसिंगला दिली होती. तिथे झालेले काम मला मनापासून आवडले, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

करवत तिथे नेण्यामागे एक कारण होते. सागाची पट्टी उभी चिरताना ती अर्ध्यावर पात्याने उचलली आणि थेट माझ्या बरगडीवर आदळली. हाड वाचले, पण आठवडाभर कूस बदलताना कळ येत असे. त्याआधी दोन महिने, मोटारीतून ठिणग्या दिसतात म्हणून मी ती दुसऱ्या एका कारागिराकडे दिली होती. त्याने मोटारीच्या फिरत्या भागाला घासून वीज पोहोचवणाऱ्या दोन कार्बन ब्रशांपैकी एकच बदलला, करवत चालू करून दाखवली आणि पैसे घेतले. कामासाठी काढलेली पात्यामागची पोलादी पट्टी, जिला रायव्हिंग नाइफ म्हणतात, त्याने परत बसवली नाही आणि ती कामात आड येते असे वाटून मीही बसवून मागितली नाही. यात माझी चूक अधिक होती.

उद्यमबागेतील मिस्त्रींनी पहिला प्रश्न तोच केला. ‘‘मामा, मागची पट्टी कुठं हाय? ती बसवल्याशिवाय मी मशीन परत देत नाही बघा.’’ चिरलेले लाकूड आतल्या ताणामुळे पुन्हा मिटू पाहते, पात्याच्या मागच्या बाजूने वर येणाऱ्या दातांना चिकटते आणि ते दात त्याला उचलून माणसाच्या अंगावर फेकतात. ती फट उघडी ठेवणे एवढेच या पट्टीचे काम, पण सगळी सुरक्षितता त्यावर उभी आहे. नवी पट्टी कोणतीही चालत नाही, हेही त्यांनी मोजून दाखवले. माझ्या पात्याचा पत्रा १.८ मिलिमीटर जाड आहे आणि त्याचे दात २.६ मिलिमीटरची फट पाडतात, त्यामुळे पट्टी या दोहोंच्या मधल्या जाडीची, २.२ मिलिमीटरची, मागवावी लागली.

काम सुरू करताना त्यांनी नुसते बटण बंद केले नाही. पिन बोर्डातून काढून समोर, नजरेसमोर राहील अशी ठेवली. मग पात्याच्या एका दातावर स्केचपेनने खूण केली, टेबलावर पात्याला समांतर असलेल्या सरळ खाचेपासून त्या दाताचे अंतर पुढे मोजले, पाते हाताने फिरवून तोच दात मागे नेला आणि पुन्हा मोजले. दात तोच ठेवला की पात्यातील किरकोळ वाक मापात शिरत नाही. फरक ०.६ मिलिमीटर निघाला. पाते मागच्या बाजूला फेन्सकडे, म्हणजे लाकूड ज्याला टेकवून पुढे सरकवतात त्या आडोशाकडे, झुकले होते, म्हणजे लाकूड पुढे सरकताना पाते आणि फेन्स यांच्यात आवळले जात होते. कापावर येणारे करपल्याचे काळे डाग मी इतके दिवस बोथट धारेच्या माथी मारत होतो. टेबलाखालचे बोल्ट सैल करून, लाकडी हातोडीने हलके ठोकत त्यांनी तो फरक ०.१ मिलिमीटरच्या आत आणला. त्यानंतर फेन्स खाचेला समांतर केला आणि गुण्या लावून पाते टेबलाशी काटकोनात आहे ना, ते पाहिले. या कामाला जवळजवळ दोन तास गेले आणि माझ्या मते बिलातील खरी किंमत याच दोन तासांची आहे.

मोटारीतील जुना ब्रश झिजून चार मिलिमीटर उरला होता, तर दुसरा बराच लांब होता. अशा जोडीत दाब सारखा राहत नाही, म्हणून त्यांनी दोन्ही ब्रश एकदम बदलले, ब्रश ज्यावर घासतात तो काळवंडलेला तांब्याचा गोल भाग, कॉम्युटेटर, बारीक सॅंडपेपरने पुसला आणि मोटार भार न देता दहा मिनिटे चालवली. पाते वर-खाली करणाऱ्या स्क्रूवर मी प्रेमाने लावलेले ग्रीस भुशात मिसळून कणकेसारखे घट्ट झाले होते. ते खरवडून तिथे मेण लावले. टेबलावरही मेणच लावावे, सिलिकॉनचा स्प्रे नको, कारण तो लाकडाला लागला तर पॉलिश धरत नाही, असे त्यांनी बजावले.

काही उणिवाही सांगितल्या पाहिजेत. अर्थिंग त्यांनी मी विचारल्यावरच तपासले. खानापूरच्या पावसात ओल्या फरशीवर उभे राहून काम करणाऱ्यासाठी ती तपासणी न मागता व्हायला हवी. बिलावर सुटे भाग आणि मजुरी वेगळी लिहिलेली नव्हती. पात्यावरचा चीक काढण्याचे काम ते करत नाहीत. ते मी घरी कोमट पाणी, खाण्याचा सोडा आणि जुना टूथब्रश घेऊन केले. पट्टी यायला नऊ दिवस लागले आणि तोवर करवत मिळाली नाही, पण याबद्दल माझी तक्रार नाही.

तिथे जाताना पाते, गार्ड, फेन्स आणि काढून ठेवलेले सगळे भाग सोबत न्यावेत. मी फेन्स घरी विसरलो होतो आणि तेवढ्यासाठी खानापूरहून दुसरी खेप करावी लागली.