बासवादकाला पेडल हवीतच का? पाच पेडलांचे सहा महिन्यांनंतरचे परीक्षण

ड्रम, एक गिटार, गायिका आणि बास अशा चौघांच्या बँडमध्ये मी कित्येक वर्षे बास गिटारची केबल थेट ॲम्पमध्ये, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या यंत्रात, खोचून वाजवत आलो. बासवादकाला इफेक्ट पेडलची, म्हणजे पायाने दाबून आवाजाचे रूप बदलणाऱ्या डबीची, गरज नसते, असे मी ठामपणे सांगत असे. त्या मतामागे अनुभवापेक्षा आळस अधिक होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. गेले सहा महिने मात्र ट्यूनर, कॉम्प्रेसर, डीआयची (बासचा आवाज थेट मिक्सरला देण्याची) सोय असलेला ओव्हरड्राइव्ह (आवाज करकरीत करणारा) प्रीॲम्प, ऑक्टेव्हर आणि एन्व्हलप फिल्टर अशी पाच पेडल एका फळीवर बसवून मी प्रत्येक तालमीला आणि कार्यक्रमाला नेली. पुढील परीक्षण या पाच प्रकारांचे आहे. मुद्दामच कोणत्या कंपनीचे पेडल घ्यावे यात मी शिरलेलो नाही, कारण ते पेडल आपल्या बँडमध्ये नेमके कोणते काम करणार आहे, हे ठरल्याखेरीज त्या चर्चेला अर्थ नाही.

घरी एकट्याने वाजवताना पाचही पेडल सुरेख वाटली. घरचा हा निकाल फसवा असतो, कारण तिथे बासला कोणाशीच जागा वाटून घ्यावी लागत नाही. चार तारांच्या बासची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की सुमारे ४१ हर्ट्झचा मूळ स्वर निघतो. गिटारची सर्वांत जाड तार त्याच्या बरोबर एक सप्तक वर, म्हणजे सुमारे ८२ हर्ट्झवर असते. बँडमध्ये या दोन वाद्यांच्या मधल्या पट्ट्यात पायड्रमची थापही येऊन बसते. त्यामुळे बासच्या पेडलाने काय नवे दिले यापेक्षा तळाशी होते ते किती शाबूत ठेवले, हे मी आधी पाहू लागलो, आणि या एका कसोटीवर पाचांचे भवितव्य बऱ्यापैकी ठरून गेले.

सर्वाधिक शिकवले ते ओव्हरड्राइव्हने. सुरुवातीला मी गिटारवादक मित्राचे गिटारसाठीचे ओव्हरड्राइव्ह पेडल उसने घेऊन पाहिले होते. पेडल दाबताच माझा आवाज करकरीत झाला, मला स्वतःला आनंदही झाला. पण ड्रमरने वादन थांबवून विचारले, ‘‘तू वाजवायचा थांबलास का?’’ त्याचा प्रश्न रास्त होता. आयबानेझच्या ट्यूब स्क्रीमर या गिटारच्या ओव्हरड्राइव्ह पेडलातून पुढे रूढ झालेल्या मांडणीत साधारण ७२० हर्ट्झच्या खालच्या भागाला वरच्या भागापेक्षा कमी गेन (आवाजाची वाढ) मिळतो, जेणेकरून गिटारचा आवाज गढूळ होऊ नये. गिटारसाठी ही योजना शहाणपणाची आहे. बासचे मात्र मूळ स्वर जवळपास सगळेच त्या रेषेच्या खूप खाली राहतात, म्हणून वरची करकर फुगते आणि तिच्या तुलनेत खर्ज खचतो. एकट्याने ऐकताना कान करकरीकडे लागलेला असतो, त्यामुळे ही घट जाणवत नाही. ड्रम सुरू झाले की पायाखालची जमीन सरकल्यासारखी वाटते.

बासकरिता बनवलेल्या ओव्हरड्राइव्हवर बहुधा ‘ब्लेंड’ असे लिहिलेले एक बटण असते. ते मूळ, स्वच्छ ध्वनी आणि पेडलने बदललेला ध्वनी यांचे प्रमाण ठरवते. माझ्या पेडलावर ते पूर्ण उजवीकडे फिरवले की वर सांगितलेलाच प्रकार थोड्या फरकाने घडे. घड्याळातल्या दहाच्या काट्यापाशी आणले की खर्ज जागेवर राही आणि त्यावर एक पातळसा खरखरीत थर चढे. त्या थराचे काम तंबोऱ्याच्या जवारीशी ताडून पाहिले तर चटकन समजते: दोरा योग्य जागी बसला की तारेचा मूळ स्वर तोच राहतो, पण वरचे स्वर खुलतात आणि तंबोरा दूरवर ऐकू येतो. ओव्हरड्राइव्हही मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे स्वर वाढवतो. लहान स्पीकर ४१ हर्ट्झ काढू शकत नाही, मात्र ८२, १२३ आणि १६४ हर्ट्झचे स्वर कानावर पडले की मेंदू न ऐकू आलेला मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. मोबाइलवर ऐकताना काही गाण्यांतला बास स्पष्ट कळतो आणि काहींतला गायब होतो, त्यामागचे एक मोठे कारण हेच आहे. त्यामुळे ओव्हरड्राइव्ह म्हणजे केवळ आक्रस्ताळ्या संगीताचे साधन, हा माझा समज मोडला. आता ते पेडल जवळजवळ सगळ्याच गाण्यांत इतके हलके चालू असते की ते चालू आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. बंद केले की मात्र गिटारवादक मान वळवून पाहतो.

या पेडलाची दुसरी बाजू म्हणजे डीआय. ध्वनियंत्रकाच्या मिक्सरपर्यंत लांब केबलने जाताना बासचा संदेश अशक्त होऊ नये आणि वाटेत घरघर शिरू नये, यासाठी तो संतुलित स्वरूपात पाठवावा लागतो. डीआय नेमके हे काम करतो. ॲम्पशिवाय ॲम्पसारखा आवाज थेट मिक्सरला देणारी उपकरणे टेक २१ या कंपनीच्या सॅन्सॲम्पने १९८९ पासून लोकप्रिय केली आणि बासवादकांनी तर ती जात आपलीच मानली. एकच पेडल विकत घेण्याची ऐपत वा इच्छा असलेल्याने याच जातीचे घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

डीआयच्या बाबतीत मला एक धडाही मिळाला. एका कार्यक्रमात ध्वनियंत्रकाने सवयीप्रमाणे स्वतःचा डीआय बॉक्स माझ्या गिटारच्या अगदी पुढे, म्हणजे सर्व पेडलांच्या आधी जोडला. मी संध्याकाळभर पेडलांवर पाय नाचवत होतो. त्यातला प्रत्येक बदल माझ्या पाठीमागच्या ॲम्पमधून मला ऐकू येत होता आणि श्रोत्यांपर्यंत केवळ साधा, कोरा बास पोहोचत होता. कार्यक्रमानंतर श्रोत्यांमध्ये बसलेल्या आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने ‘‘आज बास छान लागला होता’’ असे मनापासून सांगितले. मला खरी हकिकत नंतर कळली. तेव्हापासून मी जोडणीच्या वेळीच डीआय पेडलांच्या आधी आहे की नंतर, हे विचारून घेतो. आणि पेडलांविषयी फार उत्साहाने बोलण्याआधी त्या संध्याकाळची आठवणही काढतो.

कॉम्प्रेसरविषयी बासवादकांत जितके बोलले जाते तितके क्वचितच कशाविषयी बोलले जात असेल. त्याचे तत्त्व सोपे आहे: ठरवलेल्या पातळीच्या वर गेलेला आवाज ठरवलेल्या प्रमाणात आवरायचा. प्रमाण चारास एक असेल, तर पातळीच्या ८ डेसिबल वर गेलेला स्वर बाहेर पडताना केवळ २ डेसिबल वर राहतो. मी ड्रमर, गिटारवादक आणि गायिका यांना माझ्याकडे पाठ करून उभे केले आणि तेच चार मात्रांचे आवर्तन कॉम्प्रेसर चालू-बंद करत वाजवले. गिटारवादक आणि गायिका यांना फरक ओळखता आला नाही. ड्रमरने मात्र बहुतेक वेळा ओळखले, कारण पेडल चालू असताना माझ्या स्वरांची सुरुवात बोथट होत होती आणि त्याच्या पायड्रमशी माझा आघात जुळत नव्हता. दोष माझ्या मांडणीचा होता. ‘अटॅक’चे बटण मी सर्वांत जलद ठेवले होते, त्यामुळे बोटाचा आघात बाहेर पडण्याआधीच दाबला जाई. ते बरेच संथ केल्यावर आघात मोकळा सुटू लागला आणि मागचे स्वर एका उंचीवर आले. तरीही माझा निष्कर्ष कोरडाच आहे: ज्याची बोटे समान जोराने वाजतात त्याला कॉम्प्रेसर थोडासाच आधार देतो, आणि ज्याची वाजत नाहीत त्याची खोड तो झाकून ठेवतो. माझ्या बाबतीत दुसरे विधान अधिक खरे असल्याने मी हे पेडल तालमीतून मुद्दाम काढून टाकले आहे. कार्यक्रमाला मात्र नेतो.

ट्यूनरविषयी फार लिहिण्यासारखे नाही, कारण त्याविषयी दुमत नाही. तो रांगेत सर्वांत पुढे असावा आणि दाबताच आवाज बंद करणारा असावा, म्हणजे दोन गाण्यांच्या मध्ये तारा जुळवण्याची करमणूक श्रोत्यांना सहन करावी लागत नाही. पाच तारांच्या बासवर मोकळा खालचा स्वर सुमारे ३१ हर्ट्झचा असतो आणि तिथे काही ट्यूनरांची सुई भरकटते. अशा वेळी बाराव्या पडद्यावर बोट अलगद टेकवून तीच तार छेडली की एक सप्तक वरचा स्वच्छ स्वर मिळतो आणि सुई स्थिरावते.

ऑक्टेव्हर मूळ स्वराच्या एक सप्तक खालचा स्वर जोडतो. घरी हे पेडल सर्वांत जास्त आवडले होते आणि बँडमध्ये सर्वांत आधी तेच तोंडघशी पडले. सर्वांत जाड तारेवर वाजवले की हिशेबाने २० हर्ट्झच्या आसपासचा स्वर निघायला हवा. तो आमच्या ॲम्पच्या आवाक्यातला नव्हता आणि माणसाच्या कानाची खालची सीमाही तिथेच येते. शिवाय जुन्या पद्धतीच्या ॲनालॉग ऑक्टेव्हरला इतक्या खालचा स्वर नीट पकडता येत नाही, म्हणून घसा बसलेल्या माणसासारखा थरथरता आवाज येतो. एकावेळी एकच स्वर आणि तोही बारीक तारांवर, पाचव्या पडद्याच्या वर, एवढे पथ्य पाळले तर मात्र आवाज भारदस्त लागतो. आमच्या एका गाण्यात गिटार पूर्ण थांबते आणि आठ मात्रा केवळ ड्रम व बास उरतात. तिथे हे पेडल शोभते. तेवढ्यासाठी ते सोबत बाळगावे का, हा प्रश्न मी सध्या पिशवीच्या वजनावर सोडला आहे.

एन्व्हलप फिल्टर म्हणजे तार जितक्या जोराने छेडावी तितका ‘वॉव’ असा उघडणारा आवाज. १९७२ च्या म्यू-ट्रॉन ३ या पेडलाने हा ध्वनी रूढ केला आणि बासवादक बूट्सी कॉलिन्सने तो बासवर गाजवला. फंक या ठेक्यावर चालणाऱ्या संगीतात त्याला तोड नाही. आमच्या गाण्यांत मात्र पहिल्या ओळीला सगळे हसले, दुसरीला माना डोलल्या आणि तिसरीला गायिकेने हात वर केला. ज्यांना हे पेडल वापरायचे आहे त्यांनी ते कॉम्प्रेसरच्या आधी ठेवावे. नंतर ठेवले तर जोराचा चढउतार आधीच सपाट झालेला असतो आणि फिल्टरला उघडण्यासाठी काही उरत नाही.

विजेचा प्रश्न कोणी आधी सांगत नाही आणि घोडे नेमके तिथेच पेंड खाते. बहुतेक पेडल ९ व्होल्टवर चालतात, पण ॲनालॉग पेडलाला पुष्कळदा काही मोजके मिलीअँपिअर पुरतात तर डिजिटल पेडलाला शंभर किंवा अधिक लागू शकतात. मी सुरुवातीला एकाच स्वस्त अडॅप्टरच्या फाटे फुटलेल्या तारेवर पाचही पेडल चालवली. ओव्हरड्राइव्ह चालू करताच डासासारखी बारीक किणकिण सुरू होई आणि ती मी आठवडाभर केबलींमध्ये शोधत राहिलो. प्रत्येक पेडलाला स्वतंत्र, एकमेकांपासून विलग वीज देणारा पुरवठा घेतला आणि किणकिण थांबली.

आता मूळ प्रश्नाकडे. बासवादक जेम्स जेमर्सनने मोटाउन या अमेरिकी ध्वनिमुद्रण कंपनीच्या असंख्य ध्वनिमुद्रणांत गुळगुळीत तारांचा बास एका बोटाने वाजवला आणि तो कोणत्याही इफेक्ट पेडलाविना थेट ध्वनिमुद्रणाच्या मिक्सरमध्ये गेला. त्या बासला काही कमी पडले असे कोणी म्हणणार नाही. दुसरीकडे बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने १९६५ मध्येच फझ (आवाज अतिशय खरखरीत करणारा इफेक्ट) लावलेला बास ध्वनिमुद्रित केला होता, आणि रॉयल ब्लड या दोघांच्या बँडमध्ये तर मुख्यतः बास आणि ड्रम हीच वाद्ये असल्याने गिटारची जागाही पेडलांच्या जोरावर बासच भरतो. म्हणजे गरज बासवादकापेक्षा बँडच्या रिकाम्या जागेवरून ठरते. दोन गिटार आणि कीबोर्ड असलेल्या भरगच्च बँडमध्ये बासवर कोरस किंवा डिले यांसारखी आवाज पसरवणारी पेडल लावणे म्हणजे गच्च भरलेल्या कपाटात आणखी एक गोधडी कोंबणे आहे. तिघांच्या बँडमध्ये गिटारवादक एकल वादनाला वळला की मधली सगळी भिंत कोसळते आणि तिथे थोडी खरखर खरोखर कामी येते.

आमचा चौघांचा बँड या दोन टोकांच्या मध्ये आहे. माझी पाच पेडलांची फळी आता निम्म्याने लहान झाली आहे; तिच्यावर ट्यूनर आणि ओव्हरड्राइव्ह प्रीॲम्प कायमचे बसले आहेत, कार्यक्रमाच्या दिवशी कॉम्प्रेसर तिसऱ्या जागी येतो. एन्व्हलप फिल्टर दुसऱ्या एका बासवादकाने नेला असून त्याचा बँड फंक वाजवतो. ऑक्टेव्हर कपाटात आहे, आणि त्या आठ मात्रांचे गाणे पुढच्या कार्यक्रमाच्या यादीत आहे की नाही, हे अजून ठरायचे आहे.